वर्षभर न वापरलेलं

माझी मुलगी मोहिरा चार वर्षांनी कोरियाहून घरी आली. येताना तिनं गुडघ्याचं मलम आणलं, तोंडाला लावायच्या क्रीमच्या आठ डब्या आणल्या आणि एक नियम आणला. मलम चांगलं आहे. डब्या मी वाटून टाकल्या. नियमानं मात्र माझा जीव खाल्ला.

"ओयी, जी वस्तू वर्षभरात एकदाही वापरली नाही, ती घरात ठेवायची नाही," ती म्हणाली. तिकडे राहूनही तिनं ओयीला, म्हणजे आईला, तुम्ही म्हणायचं सोडलेलं नाही. आदरानं तुम्ही म्हणायचं आणि आदरानंच घर उचलून बाहेर फेकायचं.

हा नियम तिला फोनमध्ये सापडला. एक हडकुळी बाई रिकाम्या खोलीत बसून तो सांगते. मी म्हटलं, "हिच्या घरी कधी लग्नकार्य झालं नाही का गं? वीस माणसं जेवायला आली तर ही काय त्यांच्या हातावर वाढते?"

"ओयी, विषय बदलू नका."

खरं तर मूळ चूक माझीच. मे महिन्यात मी बाल्कनीत भोपळ्याला अडखळून पडले आणि पाय मुरगळला. पडले तर पडले, गप्प बसावं की नाही? फोनवर सांगून बसले. "एक दिवस त्या सामानाखाली सापडून मराल!" असं ती तिकडून किंचाळली. जूनमध्ये तीन आठवड्यांची सुट्टी काढून, नवऱ्याला तिकडेच ठेवून आली ती बाह्या सरसावूनच.

ताश्कंदहून घाट ओलांडला की लागणाऱ्या कोकंद शहरातल्या जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर माझं घर आहे. दोन खोल्या आणि एक बाल्कनी. खोल्यांत मी राहते आणि बाल्कनीत बाकी सगळं. एकतीस वर्षं बालवाडीच्या स्वयंपाकघरात रोज नव्वद पोरांचं रांधलंय मी. थोडं थोडं ठेवायची मला सवयच नाही.

मोहिरानं दिवाणखान्यात तीन चादरी अंथरल्या. ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. मग मला स्टुलावर बसवलं आणि उलटतपासणी सुरू केली.

"बरण्या किती आहेत या?"

"चौऱ्याहत्तर."

"गेल्या वर्षी किती भरल्यात?"

"नऊ."

"म्हणजे पासष्ट टाकायच्या."

"आणि यंदा टोमॅटो स्वस्त झाले तर? तुझी ती हडकुळी येणारे का बरण्या घेऊन?"

तिनं एक लांब श्वास घेतला. कोरियात हे शिकवतात वाटतं. मग तिनं बाबांचा रबरी बूट उचलला. एर्गाशचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा. डाव्या पायाचा.

"उजवा कुठाय?"

"तो मिळाला असता तर हा कशाला जपून ठेवला असता? दोन्ही देऊन टाकले असते."

"ओयी, बाबांना जाऊन बारा वर्षं झाली!"

"मग? उजवा सापडला तर एकटा उजवा घेऊन मी काय करू?"

बूट टाकायच्या चादरीवर गेला. ती पाणी प्यायला उठली तेव्हा मी तो ठेवायच्या चादरीवर सरकवला. तिनं परत नेला. मी परत आणला. तोटी नसलेल्या चहाच्या समोवारचं तेच झालं, मटण दळायच्या यंत्राचंही तेच. मोहिराला ज्यात वाढवलं तो लाकडी पाळणा मात्र तिनं हात न लावता ओलांडला आणि मीही नातवंडांचा विषय काढला नाही. तेवढी अक्कल मला आहे.

मग गाद्यांची पाळी आली. पाहुण्यांसाठी जमिनीवर अंथरायच्या गाद्या भिंतीला लावून छतापर्यंत रचलेल्या होत्या.

"बावीस गाद्या! आणि राहणारी बाई एक!"

"लोक आले तर बसतील कशावर?"

"कुठले लोक? मला नावं सांगा."

"एक दिवस येतीलच."

तिला ते कळलं नाही. मी विषय तिथंच सोडला, कारण गाद्यांच्या मागं तपकिरी सुटकेस होती आणि माझा सगळा जीव तिच्यात अडकला होता.

त्या सुटकेसमध्ये माझं जायचं सामान होतं. बारा मीटर पांढरं सुती कापड, माझ्या कफनासाठी. मला अंघोळ घालणाऱ्या बायकांना द्यायला निळ्या काठाचे सात नवे टॉवेल. वीस साबण. आलेल्या बायकांना फाडून वाटायला फुलाफुलांच्या कापडाचा एक गठ्ठा. कापड मी बालवाडीतल्या शेवटच्या पगारातून घेतलं होतं, कारण ते आपल्या कष्टाचं असावं असं माझी आई म्हणायची. कुणी चुकून त्याच्या उशा शिवू नयेत म्हणून कोपऱ्यात लाल दोऱ्याची फुली घातली होती.

हे सगळं मी उगाच केलं नाही. एर्गाश गेला तेव्हा नववर्षाची सुट्टी होती, बाजार बंद. घरात पांढऱ्या कापडाची चिंधी नव्हती. मी दारोदार विचारत फिरले. शेवटी शेजारच्या राहबरनं आपल्या सासूच्या सुटकेसमधलं कापड काढून दिलं. सासू पलंगावर बसून बघत होती. "परत आणून दे हं, मला लागेल," म्हणाली. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. माझा माणूस उसन्या कापडात गेला. त्या दिवशी ठरवलं की माझ्या वेळी माझ्या मुलीवर असं दारोदार फिरायची वेळ येऊ द्यायची नाही.

आता विचाराल की मुलीला हे का सांगितलं नाही. अहो, चार वर्षं सांगतेय! फोनवर जरा तोंड उघडलं की, "ओयी, अभद्र बोलायचं असेल तर मी फोन ठेवते." आणि ठेवतेच. राहबरला सांगून ठेवलं होतं मी, तपकिरी सुटकेस म्हणून. पोटच्या पोरीला सांगायची सोय नाही.

चौथ्या दिवशी मला रक्तदाब दाखवायला दवाखान्यात जायचं होतं. तिथं अर्धा दिवस मोडतो. निघताना बोट नाचवून बजावलं, "बाकी काय हवा तो गोंधळ घाल. ती तपकिरी सुटकेस टाकायची नाही."

"नाही टाकत."

"शपथ घे."

"घेतली! जा आता, नंबर जाईल."

परत आले तेव्हा बाल्कनीत चक्क फरशी दिसत होती. बरण्या गेल्या, बूट गेला, समोवार गेला. पण सुटकेस होती. पुसून, चकचकीत करून भिंतीशी उभी केलेली. मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू! पोरगी एक तरी गोष्ट ऐकते. संध्याकाळी मी तिच्यासाठी भोपळ्याचं सारण भरलेली मंती उकडली. त्याच भोपळ्याची, ज्यानं मला पाडलं होतं. बावीस मंती खाल्ल्या बयेनं.

दोन दिवसांनी राहबरच्या मुलाचं लग्न होतं. सकाळी मोरीत नवा साबण दिसला, छान वासाचा. तोंड धुतलं, पिवळा रेशमी झगा घातला आणि खाली अंगणात गेले. नवरी आणायला गेलेल्या गाड्या दुपार टळताना परत आल्या. कर्णेवाल्यांनी कर्णे आभाळाकडे केले आणि असे फुंकले की चौथ्या मजल्यावरची कबुतरं उडाली. मी सहज पाहिलं तर एका कर्णेवाल्याच्या गळ्यात नवा टॉवेल. निळ्या काठाचा.

तसले टॉवेल बाजारात ढिगानं मिळतात, मी मनाला सांगितलं. पण दुसऱ्याच्याही गळ्यात तोच. गाडी चालवणाऱ्या पोराच्या कमरेला तोच.

तेवढ्यात राहबरनं गाडीपासून जिन्यापर्यंत पांढऱ्या पायघड्या सोडल्या. कापड गडगडत माझ्या पायाशी आलं आणि थांबलं. कोपऱ्यात लाल फुली.

"ताजीखान ओपा!" मला ओपा, म्हणजे ताई म्हणणारी राहबर माझा दंड धरून ओरडली. "बघितलंत का? माझं कापड चार मीटर कमी पडत होतं, तर तुमच्या मोहिरानं हे आणून दिलं. काय भारी पोत आहे! अशी मुलगी अल्ला सगळ्यांना देवो."

समोरून नवरी येत होती, एकोणीस वर्षांची पोर, मान खाली, थरथरत पाऊल टाकत. माझ्या कफनावरून चालत येत होती! ओरडू? काय ओरडू? आत्ता ओरडले असते तर त्या पोरीला जन्मभर सुख लागू दिलं नसतं लोकांनी. घरात कुणी शिंकलं तरी म्हणाले असते, ही कफनावरून आली. मी दात दाबून हसले. गाल दुखेपर्यंत हसले.

नवरी जिन्यात शिरली आणि बायका कापडावर तुटून पडल्या. पायघड्यांचा तुकडा घरात असला की घरातल्या मुलींची लग्नं जुळतात, मग कोण सोडतंय? टर्र टर्र फाडायचा आवाज आला आणि माझ्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे. मुरगळलेल्या पायानं मी त्या घोळक्यात उडी घेतली. एकीला कोपर मारलं, एकीचा डोक्यावरचा रुमाल ओढला आणि लाल फुलीचा कोपरा दोन्ही हातांनी धरून असा हिसडला की मागच्या मागं बसले.

अंगण खदखदून हसलं. "ओपांना दुसरा नवरा करायचा दिसतोय!"

"सत्तराव्या वर्षी आवेश बघा!"

मोहिरा हे सगळं फोनवर टिपत होती. तिच्या दंडाला चिमटा काढून मी तिला चार मजले वर नेली.

दार लावलं आणि सुटकेस उघडली. आत माझ्या जुन्या पावत्या होत्या, नीट रबर लावलेल्या.

"यात होतं ते कुठाय?"

"कुठलं? ते भेटीचं सामान?" ती गोंधळली. "ओयी, सगळं कोरं होतं. लेबलसुद्धा काढलं नव्हतं. मला वाटलं, कुणीकुणी लग्नात दिलेलं तुम्ही पुढं द्यायला साठवलंय. सगळ्यांच्या घरी तसली एक पेटी असतेच की! राहबर ओपांकडे कार्य होतं, म्हणून टॉवेल, कापडं सगळं दिलं. साबण मोरीत ठेवले. सुटकेस टाकू नको म्हणालात, नाही टाकली."

"साबण मोरीत?" मी मटकन खाली बसले. सकाळी मी माझ्याच मयताच्या साबणानं तोंड धुतलं होतं.

"झालंय काय पण? वर्षभरात त्याला हात लावला नव्हतात तुम्ही! धूळ बसली होती!"

"हात कसा लावू? ते वापरलं असतं तर आत्ता तुझ्याशी भांडायला इथं बसले असते का मी?"

मी मुठीतला तुकडा तिच्या पुढ्यात टाकला. लाल फुली वर आली. हळूहळू तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"ते... जायचं सामान होतं?"

"नाही, पडदे शिवणार होते!"

ती उठून दाराकडे धावली. "मी आणते. सगळ्या बायकांकडून तुकडे गोळा करून आणते."

"बस खाली! एक शब्द बोलायचा नाही कुणापाशी. त्या नवरीचा काय दोष? आणि तुकडे आणून काय करणार, जोडून शिवणार? गोधडी पांघरून जाऊ का मी वर?"

मला हसू आलं आणि रडूही आलं. तिला मात्र नुसतं रडू आलं.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू ऐकून कुठं घेतेस? राहबरला तरी सांगून ठेवलंय, सुटकेस कुठली ती."

"राहबर ओपांना माहीत आहे?" तिचा आवाजच बदलला. "शेजारणीला माहीत आणि मला नाही?"

"मी गेले की पहिली तीच येणार ना धावत. तू आहेस कुठं इथं?"

बोलून गेले आणि जीभ चावली. पण खोटं काय होतं त्यात? एर्गाश सकाळी गेला. मोहिरा तेव्हा ताश्कंदला शिकत होती. घाटात बर्फ पडून रस्ता बंद झाला होता. दुपारच्या नमाजाला त्याला उचलला आणि ही संध्याकाळी पोचली. तेव्हा ती बाबांच्या गादीवर हात फिरवत बसली होती, काही न बोलता. आत्ताही तशीच बसली. मला तिच्या त्या गप्प बसण्याचा राग आला, स्वतःचा आला, त्या फोनमधल्या हडकुळीचा तर सगळ्यात जास्त आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच म्हणाली, "चला बाजारात."

कापडवाला तरणाबांड होता. मोहिरानं बारा मीटर पांढरं मागितलं तेव्हा विचारलं, "लग्न का?"

"नाही. आईसाठी," ती म्हणाली आणि तिनं डोळे पुसले.

त्यानं लगेच दोन्ही तळवे वर केले. "अल्ला त्यांना जन्नत देवो. फार आजारी होत्या का?"

"आजारी नाही, समोर उभी आहे!" मी म्हटलं. "ती दुआ सध्या राहू दे आणि हात न आखडता माप. आणि ते वरचं पातळ दाखवू नकोस, खालचं काढ."

बिचारा घाबरून एक वीत जास्तच देऊन बसला. मोहिरा पैसे काढायला लागली तर मी तिचा हात दाबला. हे माझ्या पेन्शनीतून. तिथंही भांडलो. दुकानदार एकदा हिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. शेवटी टॉवेल, साबण आणि फुलांचं कापड तिचं, पांढरं माझं, असं ठरलं.

घरी येऊन तिनं सगळं जमिनीवर मांडलं. कालपर्यंत तीन चादरी होत्या, आज एकच होती. "सांगा आता," म्हणाली. "कुणाला काय?"

मी सांगत गेले. टॉवेल अंघोळ घालणाऱ्यांना. साबण त्यांना आणि पाणी तापवणाऱ्यांना. फुलांचं कापड फाडून आलेल्या बायकांना. ती दोनदोनदा विचारत होती, शाळेत पाढे म्हणायची तशी परत म्हणून दाखवत होती. गाद्यांशी आली तेव्हा थांबली. "म्हणून बावीस?"

"म्हणून बावीस. त्याही कमीच पडतील. नव्वद पोरांच्या आया आहेत गावात."

"लाल दोरा कुठाय?"

"बिस्किटांच्या डब्यात. तू टाकायच्या चादरीवर ठेवलेला तो डबा. मी परत उचलून आणला म्हणून आहे."

एरवी तिनं उलट उत्तर दिलं असतं. आज गुपचूप सुईत दोरा ओवला. कोपऱ्यात फुली घालता घालता मान वर न करता विचारलं, "उचलायला किती वेळ थांबतात?"

"सकाळी गेलं तर दुपारपर्यंत. दुपारी गेलं तर दुसऱ्या सकाळपर्यंत. थांबत नाहीत, तुला माहीत आहे."

ती ओठांतल्या ओठांत हिशेब करत होती. विमान सात तास. त्याच्या आधी तिकीट, सुट्टी. मग ताश्कंद. मग घाट.

"म्हणजे मी पोचणार नाही."

नाही कसं म्हणू आणि हो तरी कसं म्हणू? पण तिला आता खोटं सांगून चालणार नव्हतं.

"नाही पोचणार," मी म्हटलं. "म्हणून तर सगळं तयार ठेवलं होतं. तू नसलीस तरी अडू नये."

तिनं फुली पुरी केली, दोरा दातानं तोडला. एक टाका उंच, एक टाका लांब. इतकी वाकडी फुली मी बालवाडीतल्या पोरांचीही पाहिली नव्हती. एरवी उसवून पुन्हा घालायला लावली असती.

"वाकडी झाली," ती म्हणाली.

"राहू दे. तुझी आहे हे कळेल मला."

तिनं कापडाची घडी घातली, वर टॉवेल रचले, कडेनं साबण खोचले. अगदी शेवटी तो कालचा तुकडा, जुन्या फुलीचा, माझ्या हातातून घेतला आणि आपल्या बॅगेत खालच्या कप्प्यात ठेवला. मग सुटकेसची कुलुपं खट्‌ खट्‌ लावून वर हात ठेवून बसली.

"ओयी, नियम बदलला."

"आता काय आणलंस नवीन?"

"दर जूनमध्ये मी येणार. तिकीट काही का असेना. आल्या आल्या पहिली ही सुटकेस उघडणार. आतली एकही वस्तू वापरलेली दिसता कामा नये."

"साबणसुद्धा?"

"साबणसुद्धा. कळलं का? वर्षभरात काही वापरलेलं दिसलं, तर माझ्याशी गाठ आहे." डोळे भरून वाहत होते आणि बोट मात्र माझ्यासारखंच नाचत होतं.

"बरं, बाई," मी म्हटलं. "नाही वापरत."